वडिलांची याशिका इलेक्ट्रो ३५: जीएस ठेवायचा की काळा जीटीएन घ्यायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचलं तर त्यांनाही संदर्भ लागेल. चिपळूणच्या घरी कपाटात वडिलांचा कॅमेरा सापडला. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएस, रुपेरी, चामड्याच्या केसमध्ये ठेवलेला. वडिलांनी तो १९७०च्या दशकात आखातातून आणला होता. तुम्ही त्यात नवा सेल घातलात. गच्चीवर नेला की लाल दिवा लागतो, घरात आणला की पिवळा. त्यामुळे कॅमेरा बिघडलाय अशी तुमची समजूत झाली. आता विक्रीला एक काळा जीटीएन दिसतोय आणि तुम्ही विचारताय की तो 'वरचं मॉडेल' आहे का, वडिलांचा ठेवून द्यावा आणि तो घ्यावा का. शिवाय जी, जीटी, जीएक्स, सीसी ही सगळी अक्षरं वाचून तुमचा गोंधळ उडालाय.

मी ठाण्यात बत्तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय. काम शिकलो मुंबईत, फोर्टमधल्या बोरा बाजारात. त्या काळात दुरुस्तीला येणाऱ्या जपानी कॅमेऱ्यांमध्ये इलेक्ट्रोची हजेरी जवळजवळ रोजची असे, आणि अजूनही महिन्याला दोन-तीन तरी येतातच. त्या अनुभवावरून सांगतो: अक्षरांचा प्रश्न सोपा आहे आणि त्यात फार काही दडलेलं नाही. खरा प्रश्न तुमच्या हातातला कॅमेरा जिवंत आहे का, हा आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तो जिवंत वाटतोय. ऊन पडल्यावर लाल आणि घरात पिवळा, हेच तर त्याने करायला हवं. दिवे उलटे लागले असते, किंवा लागलेच नसते, तर मी काळजी केली असती.

आधी हे दिवे समजून घेऊ. इलेक्ट्रो ३५ बाजारात आला १९६६ साली. त्यात ॲपर्चर (उजेड आत येण्याचं लेन्समधलं भोक) तुम्ही ठरवायचं आणि शटरची गती, म्हणजे ते किती वेळ उघडं राहणार, कॅमेरा ठरवणार. तुम्ही स्वतः १/६० किंवा १/१२५ सेकंद निवडू शकत नाही. तशी रिंगच त्यावर नाही. लेन्सवर फक्त ऑटो, फ्लॅशची खूण आणि बी (खटका दाबून धराल तितका वेळ शटर उघडं) अशा तीन जागा आहेत. ऑटोवर कॅमेरा अर्ध्या मिनिटापासून १/५०० सेकंदापर्यंत कुठलीही गती घेतो. आणि 'कुठलीही' म्हणजे खरोखर कुठलीही: १/६० आणि १/१२५ च्या मधली १/९० सुद्धा, कारण इथे ठरावीक पायऱ्याच नाहीत.

खटका अर्धा दाबला की कॅमेरा उजेड मोजतो. लाल बाण म्हणजे 'या ॲपर्चरला मला १/५०० पेक्षा वेगवान शटर लागेल आणि ते माझ्याकडे नाही, ॲपर्चर बारीक करा'. पिवळा बाण म्हणजे 'शटर १/३० पेक्षा हळू चालणार आहे, हात हलेल, ॲपर्चर उघडा किंवा कॅमेरा टेकवा'. एकही दिवा लागला नाही तर गती १/३० ते १/५०० च्या मध्ये आहे, खुशाल फोटो घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे बाण रिंग कुठल्या दिशेला फिरवायची तेही दाखवतात. हेच दोन दिवे वरच्या पत्र्यावरही आहेत, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरूनही ते दिसतात. लाल असो की पिवळा, खटका अडत नाही. पिवळ्यात तर मी मुद्दाम कितीतरी फोटो घेतो. संध्याकाळी देवळात, कॅमेरा खांबाला टेकवून, एक सेकंदाचा फोटो हा कॅमेरा इतका शांतपणे घेतो की शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. लेन्सच्या आत पात्यांचं शटर आहे, उडणारा आरसा नाही, त्यामुळे फक्त बारीकसा टिक असा आवाज येतो.

आता तुमची गच्ची. तुम्ही ॲपर्चर किती होतं ते लिहिलेलं नाही, पण आस्ए (ASA, रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ४०० लावलाय असं लिहिलंय. भर दुपारच्या उन्हात ४०० च्या रोलला एफ १६ वर (एफचा आकडा मोठा, तेवढं ॲपर्चर बारीक) साधारण १/४०० लागतं. एफ ११ वर ते १/८०० च्या आसपास जातं, म्हणजे कॅमेऱ्याच्या कुवतीबाहेर. मग एफ ४ वर लाल दिवा लागणारच. हा सगळा हिशेब तुम्ही रोल न घालता, फुकटात कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून वापरू शकता. आस्ए १०० लावा. आकाश निरभ्र असेल अशा दिवशी अकरा ते तीनच्या दरम्यान अंगणात उभे राहा, पाठीशी ऊन घ्या आणि समोरच्या झाडाझुडपांवर किंवा साध्या भिंतीवर कॅमेरा रोखा, आकाशावर नको. एफ १.७ पासून सुरुवात करून खटका अर्धा दाबत रिंग फिरवत जा. लाल दिवा एफ ८ च्या आसपास विझायला हवा. अर्धा स्टॉप, म्हणजे ॲपर्चरची अर्धी पायरी, इकडे-तिकडे झालं तर निगेटिव्ह रोलला फरक पडत नाही. एफ २.८ वरच विझला, किंवा एफ १६ पर्यंत विझलाच नाही, तर मात्र प्रकाश मोजणारा डोळा किंवा सर्किट चुकतंय. पावसाळी दिवशी ही परीक्षा घेऊ नका, त्यातून काहीच कळणार नाही.

दुसरी परीक्षा शटरची. मागचं झाकण उघडा, ऑटोवर ठेवा, एफ १.७ लावा, रोल पुढे सरकवणारी लिव्हर ओढा आणि मागून लेन्समधून बघत उजेडाकडे खटका दाबा. क्षणात पापणी लवल्यासारखं होईल. पुन्हा लिव्हर ओढा, या वेळी व्ह्यूफाइंडरच्या शेजारच्या मोजणीच्या डोळ्यावर अंगठा ठेवा आणि दाबा. आता शटर कितीतरी वेळ उघडं राहायला हवं. दोन्ही वेळा सारखीच झटपट उघडझाप झाली, तर इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत वीज पोचत नाहीये.

ही परीक्षा इतकी महत्त्वाची का, ते या शटरच्या रचनेत आहे. शटर उघडण्याचं काम स्प्रिंग करते, ते पूर्ण यांत्रिक आहे. ते बंद होण्यापासून थोपवून धरण्याचं काम एक छोटा विद्युतचुंबक करतो. डोळ्यावर जितका उजेड जास्त, तितका कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लवकर भरतो. तो ठरावीक पातळीला भरला की चुंबक सुटतो आणि पाती मिटतात. सेलच नसेल तर चुंबक धरतच नाही, पाती उघडताच लगेच मिटतात. म्हणून सेल नसलेला इलेक्ट्रो ऑटोवर नेहमी १/५०० वर चालतो.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून सुट्या भागांसाठी तीन इलेक्ट्रो मागवले होते. तिन्हींवर 'तपासलेला, चालू' असं लिहिलेलं. चालू म्हणजे काय, तर खटका दाबला की टिक आवाज येत होता. सेल घातलाच नव्हता. आत दोघांच्या वायरी हिरव्या पडून तुटलेल्या. तो जीटीएन तुम्हाला दाखवताना विक्रेता 'शटर ओके' म्हणत असेल, तर त्याला एवढंच विचारा: सेल घालून, डोळ्यावर बोट ठेवून शटर उघडं राहतं का? त्याचा व्हिडिओ मागा. देत नसेल तर सोडून द्या.

आता ती अक्षरं. पहिला नुसता इलेक्ट्रो ३५, १९६६चा. लेन्सवर याशिनॉन-डीएक्स असं लिहिलेलं, आस्ए १२ ते ४०० पर्यंत. १९६८ मध्ये जी आला. त्यात मुख्यतः बाहेरचं रूप बदललं आणि लेन्सच्या नावात 'कलर' हा शब्द आला: कलर-याशिनॉन. ही काच ४५ मिलिमीटर, एफ १.७, सहा भिंगं चार गटांत. नाव बदललं तरी पुढच्या सगळ्या मोठ्या इलेक्ट्रोंमध्ये मूळ आराखडा हाच राहिला. 'कलर' वाचून ही नवीच काच असेल असं समजू नका. तेव्हा रंगीत रोल घरोघर पोचत होते आणि कंपन्यांना ते नावात दाखवायचं होतं.

१९७०च्या सुमारास आला तुमचा जीएस. काळ्या रंगाचा त्याचा भाऊ म्हणजे जीटी. जोडीत 'टी' दिसला की काळा समजायचा. जीएसमध्ये आस्ए २५ ते १००० झाला आणि आतल्या विद्युत संपर्कांना सोन्याचा मुलामा आला. हा मुलामा मला दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात जास्त भावलेला बदल आहे. पहिल्या इलेक्ट्रोमध्ये संपर्क काळे पडून दिवे मधूनच लागेनासे होतात, ते घासून स्वच्छ करावे लागतात. जीएसमध्ये ही तक्रार मला फारच कमी दिसली. मग १९७३ मध्ये जीएसएन आणि काळा जीटीएन. त्यांत काय वाढलं? वरचा शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, 'हॉट' झाली, म्हणजे फ्लॅश नुसता सरकवला की जोडला जातो. तुमच्या जीएसवर फ्लॅशची वायर बाजूच्या छोट्या सॉकेटमध्ये लावावी लागते. बस. लेन्स तीच, शटर तेच, व्ह्यूफाइंडर तोच, सेल तोच, वजनही तेच, पाऊण किलोच्या आसपास.

म्हणून 'जीटीएन वरचं मॉडेल आहे का' याचं उत्तर: फ्लॅश नियमित वापरणार असाल तर हो, एका वायरीपुरतं. नसाल तर नाही. काळा रंग देखणा आहे, हे मीही मान्य करतो. कडा झिजून खालचं पितळ दिसायला लागलं की तर फारच. पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हे तुमच्या खिशावर आणि हौसेवर आहे. निगेटिव्हवर त्याची काहीच खूण उमटत नाही.

बाकीची अक्षरं मात्र वेगळी घराणी आहेत, आणि तिथे फरक खरा आहे. सीसी हा छोटा, काळा, ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्सचा, पण त्याचं वेगवान टोक १/२५० वर थांबतं. ३५ मिलिमीटरची रुंद नजर या सगळ्या कुटुंबात त्याच्याकडेच आहे, म्हणून लोक त्याच्या मागे असतात. आपल्याकडच्या उन्हात १/२५० जाचतं, हे लक्षात ठेवा. जीएक्स १९७५चा, अंगाने लहान, ४० मिलिमीटर एफ १.७. फार गोड कॅमेरा, पण सापडायला कठीण आणि उघडायला त्याहून कठीण. एफसीला ४० मिलिमीटर एफ २.८ आहे आणि अंतर जुळवणारा रेंजफाइंडरही आहे. एमसीला तो नाही, तिथे अंतर अंदाजाने लावायचं. एमजी-१ म्हणून एक स्वस्तातला भाऊ आहे, ४५ मिलिमीटर एफ २.८, दिसायला इलेक्ट्रोसारखाच. तो इलेक्ट्रोच्या किमतीला विकला जाताना मी पाहिलाय, तेव्हा लेन्सवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

अक्षरांपेक्षा मला जास्त काय सांगून जातं, तर आवाज. कॅमेरा कानाजवळ धरा, खटका दाबा आणि मग लिव्हर सावकाश ओढा. ओढताना एक ठसठशीत 'टक' ऐकू यायला हवा. तो आला तर माझ्या मते अर्धी लढाई जिंकली.

हा 'टक' कशाचा? खटका दाबला की आत एक सरकती पट्टी खाली जाते आणि जाता जाता एकेक संपर्क जोडत जाते: आधी दिवे, मग मोजणी, शेवटी शटर. फोटो झाला की ती खालीच थांबते. पुढची लिव्हर ओढताना ती सुटून वर उडी मारते, तिचा तो आवाज. या यंत्रणेत रबराचा एक बारीक तुकडा आहे, नखाएवढाही नाही. पन्नास वर्षांत तो कडक होतो, चुरा होतो, किंवा डिंकासारखा चिकट होतो. मग पट्टी योग्य उंचीला थांबत नाही, संपर्क चुकीच्या वेळी जुळतात. दिवे येडेवाकडे लागतात, किंवा शटर उजेड न बघता भलताच वेळ उघडं राहतं. जगभर हा इलेक्ट्रोचा सगळ्यात ओळखीचा आजार आहे. आवाज बसलेला आणि मऊ येत असेल, किंवा येतच नसेल, तर ते रबर गेलं असं समजा. नवा तुकडा बसवायला वरचा पत्रा काढावा लागतो. जाडी नेमकी बसली पाहिजे, जरा कमी-जास्त झाली तरी दिवे चुकतात. मला साधारण दोन तास लागतात आणि त्यातला दीड तास जुन्या रबराचा चुरा वेचण्यात जातो, कारण तो चुरा संपर्कांमध्ये राहिला तर सगळं मुसळ केरात.

तुम्ही 'टक'बद्दल काही लिहिलेलं नाही. आधी तो ऐका. मग सेलकडे वळू.

मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा होता. पाऱ्यामुळे तसे सेल बाजारातून गेले, अमेरिकेत त्यांच्यावर १९९६ मध्येच कायद्याने बंदी आली. आज ४एलआर४४ नावाचा ६ व्होल्टचा अल्कलाइन सेल मिळतो, तो चालतो. हे ०.४ व्होल्ट जास्त आहेत म्हणून लोक घाबरतात. मी कित्येक इलेक्ट्रो याच सेलवर चालवले आणि रोलवर फरक जाणवला नाही. अडचण आहे ती आकाराची: नवा सेल मूळच्यापेक्षा बारीक आणि बराच आखूड. तयार अडॅप्टर मिळतो. नाहीतर पुठ्ठ्याची नळी करून सेल मधोमध ठेवायचा आणि लांबीची उरलेली जागा टॉर्चमधल्या जाड स्प्रिंगने भरायची. ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा घरोघर वापरतात, पण तो दबत जातो आणि चार दिवसांनी संपर्क सुटतो. तुमचे दिवे 'कधी लागतात, कधी नाही' असं व्हायला लागलं तर आधी तो गोळाच बघा, डॉक्टरकडे नंतर जा. मागच्या बाजूला सेल तपासण्याचं बटण आहे. ते दाबलं की हिरवा दिवा लागला पाहिजे, आणि सेल नवा असेल तर मंद नव्हे, ठळक लागला पाहिजे. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आत गळलेला सेल हा या कॅमेऱ्यांचा दुसरा मोठा शत्रू आहे.

पहिला शत्रू मात्र तुमच्या गावची हवा. चिपळूणचा पाऊस आणि चामड्याची केस, ही जोडी मला फार भीतीदायक वाटते. चामडं पाणी धरून ठेवतं, अंधार असतो, हवा खेळत नाही, आणि बुरशीला याहून चांगलं घर नाही. कोकणातून आणि मुंबईच्या समुद्राकाठच्या इमारतींमधून आलेल्या इलेक्ट्रोंमध्ये निम्म्याहून जास्त वेळा मला काचेत बुरशी सापडते. घाटावरच्यांत तेवढी नाही. मागचं झाकण उघडा, बीवर ठेवा, सेल घालून खटका दाबून धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मोबाइलचा दिवा पुढून तिरका टाकत मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कडेला एखाद-दुसरा धागा असेल तर फोटोवर काही होत नाही, पण तो वाढतो. मध्यावर जाळं असेल तर दुरुस्ती करून घ्या. लवकर काढली तर काच स्वच्छ होते. उशीर झाला तर बुरशी काचेवरचा लेपच खाते आणि तो मी काय, कोणीच परत आणू शकत नाही. आजपासून तो कॅमेरा केसमध्ये ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या ओलसर झाल्या की वाळवा. केस आठवण म्हणून कपाटात वेगळी राहू द्या.

मागच्या झाकणाच्या खाचांमध्ये काळा स्पंज आहे, तो उजेड आत येऊ नये म्हणून असतो. तोही एव्हाना डांबरासारखा झाला असेल. बोट लावून बघा, काळं लागलं तर बदलायचा. लाकडी काडीला कापूस गुंडाळून थोड्या स्पिरिटने खरवडून काढा, त्या वेळी कॅमेरा उलटा धरा म्हणजे चुरा शटरवर पडणार नाही, आणि खाचेत काळा लोकरीचा धागा बसवा. हे काम घरी सहज जमतं.

व्ह्यूफाइंडरबद्दल मात्र हात आवरा. मधला पिवळसर ठिपका फिका दिसतोय असं तुम्ही लिहिलंय. इलेक्ट्रो रेंजफाइंडर आहे, म्हणजे दोन खिडक्यांमधून आलेल्या दोन प्रतिमा त्या ठिपक्यात एकावर एक पडतात. लेन्स फिरवताना त्या जुळल्या की फोकस झाला. हे जमतं ते आतल्या एका अर्धपारदर्शक आरशामुळे, त्याच्यावर धातूचा अत्यंत पातळ थर असतो. मी शिकत असताना उत्साहाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातला असा आरसा स्पिरिटने पुसला आणि तो थर एका फटक्यात कापसावर आला. ठिपका कायमचा गेला. उस्तादांनी दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातून आरसा काढून तो बसवला आणि मला आठवडाभर फक्त स्क्रू लावायला ठेवलं. म्हणून सांगतो, बाहेरच्या खिडक्या पुसा, आतलं काम जाणत्यालाच करू द्या. बहुतेक वेळा धूळ आणि धुकं बाकीच्या काचांवर असतं, ते काढलं तरी ठिपका पुरेसा उजळतो. फोकस जुळतोय का ते दूरच्या टॉवरवर किंवा डोंगरकडेवर बघा: लेन्स अनंतावर आणली की दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत.

एवढ्यावरून माझा सल्ला असा. 'टक' ऐकू येतोय, अंगणातली लाल दिव्याची परीक्षा पार पडतेय, अंगठा ठेवल्यावर शटर उघडं राहतंय आणि काचेच्या मध्यावर बुरशी नाही, तर जीटीएन विसरा. वडिलांच्या जीएसचा स्पंज बदला आणि रोल घाला. 'टक' नाही पण काच स्वच्छ आहे, तरीही जीएसच दुरुस्त करा. विक्रीला असलेल्या जीटीएनचं रबरही तितक्याच वयाचं आहे, तेव्हा तो घेऊनही हा खर्च चुकत नाही. वायरी सडल्यात किंवा काच खाल्ली गेलीय, अशा वेळी मात्र दुसरा घेण्यात अर्थ आहे. तेव्हा जीएस, जीएसएन, जीटी, जीटीएन यातला जो परीक्षा पास होईल तो घ्या. वडिलांच्या कॅमेऱ्याचे चांगले भाग त्यात वापरता येतील, चारही अंगाने सारखेच आहेत.

तुम्ही शेवटी कॅनन कंपनीच्या कॅनोनेटबद्दल विचारलंय. कॅनोनेट जी-तीन क्यूएल१७ हा १९७२चा, ४० मिलिमीटर एफ १.७, अंगाने लहान. त्यात उलटं आहे: गती तुम्ही ठरवायची, ॲपर्चर कॅमेरा निवडतो. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात सगळं हाताने लावूनही फोटो घेता येतो, सेल संपला तरी सगळ्या गती चालतात. तुम्हाला स्वतः हिशेब करून फोटो घ्यायला शिकायचं असेल तर तो जास्त योग्य. पण मंद उजेडात, सावकाश, लांब वेळेचे फोटो घ्यायचे तर इलेक्ट्रोला तोड नाही. कॅनोनेट स्वतःहून अर्धा मिनिट मोजत बसत नाही.

रोल घालण्याआधी तीन सवयी लावून घ्या, मोजणीचा डोळा लेन्सच्या बाहेर असल्यामुळे त्या लागतातच. एक, लेन्सचं झाकण काढलं का ते दर वेळी बघा. झाकण असतानाही व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो, दिवे बरोबर लागतात, आणि पूर्ण रोल कोरा निघतो. वर्षातून एकदा तरी असा रोल घेऊन कोणीतरी 'शटर गेलं' म्हणत येतं. दोन, लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर लावलात (धागा ५५ मिलिमीटरचा आहे), तर त्याने खाल्लेला उजेड डोळ्याला कळत नाही. आस्ए तेवढा खाली आणा. तीन, माणूस खिडकीसमोर उभा असेल तर कॅमेरा खिडकीचा उजेड मोजेल आणि चेहरा काळा येईल. अशा वेळी आस्ए २०० असेल तर १०० वर आणा, फार प्रखर उजेड असेल तर ५० वर, आणि फोटो झाल्याबरोबर परत २०० वर. या कॅमेऱ्यात उजेड आपल्या मनासारखा करण्याचा तोच मार्ग आहे.

आपल्या उन्हासाठी पहिला रोल २०० चा घ्या, ४०० चा नको. २०० वर भर दुपारी एफ ११ आणि एफ १६ दोन्ही वापरता येतात, आणि सकाळ-संध्याकाळी एफ ४ पर्यंत मोकळीक मिळते. फोकस कमीत कमी ८० सेंटिमीटरवर होतो. पहिल्या रोलमध्ये एकच दृश्य एफ १.७, एफ ५.६ आणि एफ १६ वर घ्या, दिवे बघून, सावलीत एकदा आणि उन्हात एकदा. प्रत्येक फ्रेमचं ॲपर्चर आणि दिवा कुठला होता ते वहीत लिहा. उन्हातल्या एफ १.७ ला लाल लागणार, तो फोटो जास्त उजळ येणार, तेही लिहून ठेवा. रोल धुऊन आला की निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून त्यांचा फोटो इथे टाका, वहीच्या पानासकट. शटर नीट धरतंय की नाही, ते मी त्यावरून सांगतो.